छतावरच्या पॅनलला वाली कोण?

खान्देशात सौरऊर्जेची योजना घेऊन कुणी दारात आलं की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ऊन पुरेल का, हे तर जळगाव-भुसावळच्या माणसाच्या मनातही येत नाही. प्रश्न येतो तो असा : ‘‘बिघडनं ते दुरुस्त कोन करी?’’ घरातली म्हातारी विचारते, कमावता मुलगा विचारतो, शेजारून डोकावणारा भाऊबंदही हेच विचारतो. माहितीपत्रकात याचं उत्तर नसतं. तिथे अनुदानाचे आकडे असतात, हसऱ्या कुटुंबाचा फोटो असतो आणि खाली टोल फ्री नंबर असतो.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. गावच्या चौकात सौरदिव्याचा खांब उभा आहे, दिवा बंद आहे, बॅटरी कधीच चोरीला गेली आहे, असं एक तरी गाव प्रत्येकाच्या पाहण्यात आहे. म्हणून मला वाटतं, घरोघरी सौरऊर्जा न्यायची असेल तर सरकारने पॅनल बसवल्याचे पैसे देण्यापेक्षा पॅनल चालू राहिल्याचे पैसे द्यावेत, आणि दुरुस्तीचा माणूस तालुक्याच्या गावी हजर असावा. बाकीच्या अडचणी खऱ्या आहेत. पण ही एक सुटल्याशिवाय त्या सुटणार नाहीत, आणि ही सुटली तर त्यांतल्या निम्म्या आपोआप सैल होतील.

वीज तयार करणं खान्देशाला नवं नाही. भुसावळजवळचं दीपनगरचं कोळशावरचं केंद्र दोन पिढ्यांच्या ओळखीचं आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. पण ही सगळी वीज इथे तयार होऊन तारांवरून निघून जाते. गावकऱ्याच्या वाट्याला येते ती भूसंपादनाची नोटीस. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून शेवटी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि त्यातच ते गेले. धुळे जिल्ह्यात हे कुणी विसरलेलं नाही. मोठ्या प्रकल्पांशी इथल्या माणसाचं नातं असं आहे. ज्या वीजनिर्मितीसाठी जमीन द्यावी लागत नाही, ती त्याच्या स्वतःच्या छतावरचीच. तिथेही त्याला वाऱ्यावर सोडलं, तर तो पुन्हा विश्वास कशाला ठेवेल?

आता पैशांचा हिशेब, कारण तोही धड सांगितला जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत देशातल्या एक कोटी घरांवर पॅनल बसवायचे आहेत आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये ठेवले आहेत. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आतबाहेर. तीन किलोवॅटचा संच पावणेदोन-दोन लाखांत बसतो. अनुदान वजा जाता लाख-सव्वा लाख घरचे लागतात. १ लाख १० हजारांचं कर्ज सात टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता पडतो बाराशे-तेराशे रुपये. ज्या घरात महिन्याला तीनशे युनिट जळतात, तिथे वाचलेल्या बिलातून हप्ता फिटून वर पैसे उरतात. जळगावच्या महाबळला किंवा धुळ्याच्या देवपूरला बंगला बांधलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही नाही. त्याने खुशाल घ्यावं.

पण यावल तालुक्यात केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या घरात दोन पंखे, तीन दिवे, एक टीव्ही आणि उन्हाळ्यात कूलर असतो. बिल साठ-सत्तर युनिटचं. त्यांची बचतच थोडी, मग लाखाचं कर्ज ते कशाच्या जोरावर काढतील? ही अडचण राज्य सरकारच्याही ध्यानात आली. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ‘स्मार्ट’ योजनेत महिन्याला शंभर युनिटच्या आतल्या घरांना केंद्राच्या अनुदानावर राज्याचंही अनुदान जोडलं गेलं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटच्या, सुमारे पन्नास हजारांच्या संचासाठी पदरचे अडीच हजारच भरायचे आहेत. हे पाऊल फार चांगलं आहे आणि त्याबद्दल सरकारचं कौतुक करायला मला संकोच वाटत नाही. एका कूलरला दीड-दोनशे वॅट लागतात आणि तो चालतो भर दुपारी, नेमकं पॅनल जोरात असतं तेव्हा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात लेकरू घेऊन बसलेल्या बाईसाठी ही सोय किती मोलाची आहे, ते पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्यालाच कळतं.

मग घोडं अडतं कुठे? आधी कागदावर. लाइटचं मीटर आजोबांच्या नावावर असतं, आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. घराचा उतारा काकांच्या नावावर, राहतात तीन भाऊ, वाटण्या तोंडी झालेल्या. योजनेचा अर्ज ज्याच्या नावाचं बिल त्याच्याच नावाने होतो. म्हणजे आधी मृत्यूचा दाखला, मग वारसांची संमती, मग मीटर नावावर, मग अर्ज. मागची थकबाकी असेल तर ती आधी भरायची. रोजंदारी बुडवून तालुक्याला चार चकरा मारणं ज्याला परवडत नाही, तो दुसऱ्याच चकरेत नाद सोडतो. महावितरणने आणि ग्रामपंचायतीने एकाच दिवशी गावात बसून नावबदलाचं शिबिर घेतलं तर हा अडथळा गावापुरता आठवडाभरात दूर होईल. यासाठी नवा कायदा नको की नवा निधी नको.

दुसरी अडचण छताची. खान्देशातल्या जुन्या गावांत अजून धाब्याची घरं आहेत. मातीच्या धाब्यात लोखंडी खांब रोवता येत नाहीत, पावसाळ्यात छत गळायला लागतं. पत्र्याच्या घरावर पॅनल बसतो, पण कसा बसवला यावर सगळं आहे. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. तिथे दोन-चार स्क्रूंवर टेकवलेला सांगाडा टिकेल असं कुणी समजू नये.

आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण विकणारे तो जाणूनबुजून पसरवतात. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हे खरं नाही. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलवर लिहिलेली क्षमता त्याचं तापमान २५ अंश असतानाची असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. भुसावळला हवेत ४५ अंश असतात तेव्हा पॅनल सहज पासष्टच्या वर तापतो, म्हणजे पंधरा-सोळा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनल आणि पत्रा यांच्यात वारा खेळेल एवढी जागा सोडावी लागते. पत्र्याला चिकटवून बसवलेला पॅनल म्हणजे बसवणाऱ्याने लोखंडाचे पैसे वाचवले, एवढाच त्याचा अर्थ. धुळीचंही तसंच. चैत्र-वैशाखात वावटळी सुरू झाल्या की काचेवर थर चढतो. तो पहाटे किंवा दिवस मावळल्यावर धुवायचा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी काचेवर तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात, ते निघता निघत नाहीत. शहरांतल्या सोलर गिझरच्या नळ्या याच क्षारांनी चोंदतात. या गोष्टी घरच्या माणसाला बसवण्याच्या दिवशीच सांगायला हव्यात, आणि त्याच्या भाषेत सांगायला हव्यात.

याहून मोठी फसगत लाइट गेल्यावरची. खान्देशाने भारनियमनाची वर्षं सोसली आहेत. ‘‘लाइट उनी का?’’ म्हणजे वीज आली का, हा इथला रोजचा प्रश्न होता आणि अजून पुरता गेलेला नाही. त्यामुळे सोलर घेतलं की लाइट जाणार नाही, असं प्रत्येकजण धरून चालतो. प्रत्यक्षात ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा संच ग्रीड बंद पडलं की स्वतःही बंद होतो. तसा तो व्हावाच लागतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला उलट्या बाजूने आलेली वीज मारेल. लाइट गेल्यावरही चालणारं हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो. हे विकत घेण्याआधी कळलं तर माणूस शांतपणे ठरवतो. नंतर कळलं तर ‘आपल्याला फसवलं’ हे गावभर होतं आणि पुढची दहा घरं मागे फिरतात. ‘मोफत वीज’ या जाहिरातीचंही हेच होतं. स्थिर आकार द्यावाच लागतो, आणि वर्षअखेरीस उरलेलं युनिट कंपनी अगदी कमी दराने घेते. गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकून श्रीमंत व्हायचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

चोपडा तालुक्यातलं एक घर मी जवळून पाहिलं. दोन किलोवॅटचा संच, पॅनल चकचकीत, सांगाडा मजबूत. इन्व्हर्टरवर लाल दिवा. घरच्या बाईंनी त्यावर जुनी ओढणी टाकून ठेवली होती, दिवा रात्री डोळ्यांवर येतो म्हणून. संच कित्येक महिने बंद होता. बसवणाऱ्या कंपनीला फोन केले, तक्रार क्रमांक मिळाला, माणूस मिळाला नाही. हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून जात होता, आणि बिलही पूर्वीइतकंच येत होतं. शेवटी गावातल्याच मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या पोराने वर चढून पाहिलं. पॅनलमधून येणाऱ्या वायरचा एक कनेक्टर उंदराने कुरतडून ढिला झाला होता. शहरातून नवा कनेक्टर मागवला, बसवला, हिरवा दिवा लागला. पाव तासाचं काम. आणि ते घर मधल्या काळात सगळ्या आळीला सांगत होतं की सोलरच्या फंदात पडू नका. बाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही : ‘‘भाऊ, बिघडल्याचं दुःख नाही, कुणी ऐकून घेत नाही याचं आहे.’’

नियमाप्रमाणे सूर्यघर योजनेत बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची असते. मग असं का होतं? कारण पैशांचा ओघ तसा आहे. संच सुरू झाला, तपासणी झाली, अनुदान ग्राहकाच्या खात्यात पडलं, तिथून ते बसवणाऱ्याकडे गेलं, की पुढची पाच वर्षं त्याच्यासाठी निव्वळ खर्च असतो. नाशिक-पुण्याहून शिरपूर-शहाद्याच्या आतल्या गावात माणूस पाठवायला हजार-दीड हजार लागतात; त्यापेक्षा फोन न उचलणं स्वस्त पडतं. माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, व्यवस्थाच त्यांना तसं वागायला भाग पाडते.

म्हणून अनुदानाचा एक भाग, समजा पाचवा हिस्सा, राखून ठेवावा आणि तो पाच वर्षांत दरवर्षी थोडा थोडा, संचाने त्या वर्षी अपेक्षित वीज दिली असेल तरच सोडावा. मोजायची यंत्रणा नव्याने उभारायला नको. किती वीज झाली ते इन्व्हर्टर नोंदवतोच, किती ग्रीडमध्ये गेली ते आलेली-गेलेली वीज मोजणारा नेट मीटर नोंदवतो. संच आठवडाभर गप्प बसला तर ते वीज कंपनीला जळगावात बसून दिसू शकतं. बघायचं ठरवलं पाहिजे.

असे पैसे अडकवले तर बसवणारे खेड्यात येणारच नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. लहान ठेकेदाराकडे खेळतं भांडवल नसतं. पण यातूनच दुसरी वाट निघते. त्याने तालुक्यातल्या प्रशिक्षित माणसाशी देखभालीचा करार करावा आणि राखीव रकमेतला वाटा त्या माणसाला थेट जावा. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन सुरत-अंकलेश्वरला कामाला जाणारी शेकडो पोरं नंदुरबार-धुळ्यात आहेत. केंद्राचा ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण कार्यक्रम २०१५ पासून आहे. शिकलेल्याला गावात धंदा मिळत नाही म्हणून तो जातो. दोनशे-तीनशे संचांची देखभाल नेमून दिली तर तो राहील. हे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच पंचायत समित्यांत आहे. गावोगाव हातपंप बसले तेव्हा त्यांच्यासाठी दुरुस्ती पथकं नेमली गेली. ती नेहमी वेळेवर आली असं नाही, पण कुणाकडे जायचं हे गावाला माहीत होतं. हातपंपाला पथक मिळालं, मग छतावरच्या वीजकेंद्राला का नाही? आणि घरोघर जाऊन सांगण्याचं, ऐकून घेण्याचं काम महिला बचत गटांकडे द्यावं. उमेद अभियानातल्या पशुसखी शेळ्या-कोंबड्यांच्या लसीकरणासाठी दारोदार फिरतातच. इन्व्हर्टरवरचा लाल दिवा ओळखून निरोप पोचवणं त्यांना मुळीच जड नाही.

ज्याची देखभाल गाव आपली मानतं, ते टिकतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तीन दशकांपूर्वी उजाड झालेलं जंगल स्वतः नियम करून राखलं, नियम मोडणाऱ्याला स्वतःच दंड लावला. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. साताऱ्याकडच्या मान्याचीवाडीने २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम होण्याचा मान मिळवला, तेही आधीपासून एकदिलाने काम करणारं गाव. आणि धडगाव तालुक्यातल्या बिलगावची गोष्ट तर खान्देशातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. ग्रीडची वीज पोचली नव्हती तेव्हा तिथल्या आदिवासींनी नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने आणि केरळातून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने ओढ्यावर श्रमदानातून बंधारा बांधला आणि २००३ मध्ये पंधरा किलोवॅटचं जलविद्युत केंद्र सुरू केलं. ज्यांनी दगड वाहिले त्यांनीच ते चालवलं. ते केंद्र लोकांच्या हलगर्जीपणाने बंद पडलं नाही, २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याने बुडवलं. ‘खेड्यातल्या लोकांना यंत्र सांभाळता येत नाही’ असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना मला बिलगावचं नाव ऐकवावंसं वाटतं.

चुलीचा विषय इथे टाळता येत नाही, कारण घरातली खरी ऊर्जा तिथे जळते. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर २०१६ नंतर बहुतेक घरांत आलं, पण कपाशीच्या काड्यांचे ढीग अजून घराशेजारी रचलेले दिसतात. अंघोळीचं पाणी आणि भाकरी त्यांवरच. गोबरगॅस हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय. पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. ट्रॅक्टर आल्यावर गोठे रिकामे झाले, आणि अमळनेर-शिंदखेड्याकडे उन्हाळ्यात प्यायलाच टँकर. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं आणि विहिरीला पाणी आहे अशाच घरांमागे लागावं. सरसकट उद्दिष्ट देऊन खड्डे खणण्यात अर्थ नाही.

राहता राहिले सातपुड्यातले पाडे. धडगाव, अक्कलकुव्यात डोंगरउतारावर विखुरलेली कुडाची, कौलारू घरं. तिथे छतावर संच हा आग्रह चुकीचाच आहे. छत ते ओझं पेलणार नाही. तिथे शाळेच्या किंवा आरोग्य उपकेंद्राच्या पक्क्या इमारतीवर, नाहीतर गावठाणाच्या मोकळ्या जागेवर सामायिक संच बसवावा आणि तयार झालेली युनिट पाड्यातल्या घरांच्या बिलांत वाटून द्यावीत. दिल्ली राज्याच्या वीज नियमांत अशा वाटणीची सोय २०१९ पासून आहे. आपल्याकडे गरीब घरासाठी ती सोपी करून, अर्ज न करता लागू होईल अशी आणावी. जिथे तार रोज तुटते त्या पाड्यांवर सामायिक संचाला बॅटरी जोडावी आणि ती बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावा. साधी बॅटरी चार-पाच वर्षांत मरते हे आधीपासून माहीत असतं, तरी तिच्यासाठी तरतूद नसते आणि पाडा पुन्हा अंधारात जातो. सामायिक संचाचा वाली ग्रामसभा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याखाली तिला या भागात अधिकारही आहेत. कोणता तंत्रज्ञ ठेवायचा, त्याला किती द्यायचं, काम नाही केलं तर कधी बदलायचा, हे तिने ठरवावं आणि पैसा तिच्या खात्यातून जावा. जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होईल तेव्हा नंदुरबारच्या आमदारांनी किती किलोवॅट बसले हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : गेल्या तीन वर्षांत बसलेल्यांपैकी आज किती चालू आहेत? त्याचं उत्तर गावनिहाय यादीसह मागावं, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.